पुलाच्या पोटातली काच : प्रकाशाने ताण कसा मोजतात?

घाटमाथा (धागाकर्ता)

गेली बारा वर्षं मी एकच काम करतोय. सळईला, गर्डरला, स्लॅबला केसाएवढी बारीक काचेची तार बांधायची, तिच्यातून लेसरचा प्रकाश सोडायचा आणि परत आलेल्या प्रकाशावरून सांगायचं, की बांधकाम कुठे किती ताणलं गेलंय. घरी कुणी विचारलं तर "सेन्सरचं काम" एवढ्यावर विषय संपतो. पण 15 जून 2025 ला कुंडमळ्याचा लोखंडी पूल इंद्रायणीत कोसळला, त्या संध्याकाळी भाचीने फोनवर सरळ विचारलं, "मामा, तू हेच मोजतोस ना? मग आधी कळत कसं नाही?" तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही. तेच आता सवडीने लिहितोय.

आधी एक लहानसा प्रयोग करा. लेसर पॉइंटर घ्या, खोलीत अंधार करा आणि चुन्याच्या भिंतीवर लाल ठिपका पाडा. ठिपका गुळगुळीत दिसत नाही. त्यात रवा सांडल्यासारखे चमचमते कण दिसतात आणि मान जराशी हलवली की तेही सरकतात. भिंतीच्या बारीक उंचवट्यांवरून आणि खळग्यांवरून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही ठिकाणी जोर वाढतो, काही ठिकाणी विझतो, त्याची ही नक्षी. इंग्रजीतलं नाव स्पेकल. भिंतीच्या तेवढ्याच तुकड्याची ही ओळख असते, अंगठ्याच्या ठशासारखी. भिंत केसाच्या शतांशाने सरकली तरी नक्षी बदलते.

काचेच्या तंतूत असंच घडतं, फक्त एका रेषेत. वितळलेली काच ओढून तार करताना रेणूंची दाटी कुठे किंचित जास्त, कुठे कमी राहते आणि काच थिजली की ती तशीच कायमची गोठते. प्रकाश आत शिरला की या प्रत्येक कमीजास्त दाटीवरून त्याचा कणभर अंश मागे फिरतो. आकाश निळं दिसतं ते ज्या विकिरणामुळे, तेच हे विकिरण. लॉर्ड रॅले यांनी 1871 मध्ये त्याचं गणित मांडलं.

टेलिफोनवाल्यांच्या दृष्टीने हा निव्वळ तोटा. चार्ल्स काव यांनी 1966 मध्ये लिहिलं, की दर किलोमीटरला घट 20 डेसिबलच्या आत आणली तर काचेतून दूरवर संदेश पाठवता येतील. 20 डेसिबल म्हणजे किलोमीटरभर गेल्यावर शंभरातला एक भाग उरणं. 1970 मध्ये कॉर्निंग या अमेरिकन काच कंपनीच्या तिघा संशोधकांनी 17 वर आणून दाखवलं. आज साधारण 0.2 आहे, म्हणजे 50 किलोमीटर गेल्यावरही दहावा हिस्सा शिल्लक. काच इतकी शुद्ध झाली, की आता उरलेली घट बहुतांशी रॅले विकिरणाचीच आहे आणि ती काढून टाकता येत नाही, कारण ती काचेच्या घडणीतच आहे. इतकी वर्षं जिच्याशी झगडा चालला होता, त्या उरलेल्या खोटीवर आमचं सगळं काम उभं आहे.

जागा कशी कळते? घड्याळावरून. काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. 1 किलोमीटर जाऊन परत यायला त्याला 10 मायक्रोसेकंद लागतात. झोत सोडल्यावर 10 मायक्रोसेकंदांनी जे आलं ते 1 किलोमीटरवरचं, 20 नी आलं ते 2 किलोमीटरवरचं. 40 किलोमीटरच्या तारेतून झोत परत यायला 400 मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाला 2500 वेळा सगळ्या तारेची झडती घेता येते. मधे कुठे जमीन थरथरली, तार ताणली गेली, की तेवढ्या तुकड्याची नक्षी बदलते. तिथे वेगळा सेन्सर बसवलेला नसतो. तारेचा प्रत्येक मीटर सेन्सरच असतो.

या दहा वर्षांत यात जे झालंय त्याने मी अजून थक्क होतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आइसलँडच्या रेक्यानेस भागात जुन्याच दूरसंचार केबलच्या 15 किलोमीटर तारेवरून जमिनीखालच्या भेगा आणि भूकंप नोंदले गेले. 2018 मध्ये कॅलिफोर्नियातल्या माँटेरे उपसागरात तळाशी पडलेल्या 20 किलोमीटर केबलवर चारच दिवस हे यंत्र लावलं आणि नकाशावर नसलेले भ्रंश सापडले. 2021 मध्ये कॅलटेकच्या गटाने लॉस एंजेलिसपासून चिलीतल्या वालपराइसोपर्यंतच्या 10,000 किलोमीटर समुद्री केबलमधल्या चालू इंटरनेट वाहतुकीच्याच प्रकाशाचं ध्रुवीकरण (लहरी कोणत्या दिशेने डोलतात ते) पाहून भूकंप आणि समुद्राच्या लाटा टिपल्या. नवीन काहीच बसवलं नव्हतं.

पुलांकडे पुढच्या प्रतिसादांत येतो. प्रश्न विचारा.

शेवंती

दादा, धाग्याबद्दल मनापासून आभार. प्रयोग लगेच केला. मुलगी अर्धा तास भिंतीसमोरून हलेना. तिचाच प्रश्न लिहिते : आपल्या घरी इंटरनेटची जी पिवळी बारीक वायर येते, तीही ऐकते का? मला यातली भीतीची बाजूही कळून घ्यायची आहे.

घाटमाथा

शेवंतीताई, मुलीला शाबासकी सांगा. वायर तीच आहे, पण ऐकण्यासाठी दुसऱ्या टोकाला खास यंत्र लागतं. शिवाय घराघरात जाणारी जोडणी वाटेत एका तारेतून अनेक फाटे फोडून दिलेली असते. सगळ्या फाट्यांतून परतणारा प्रकाश एकत्र मिसळतो, त्यातून एका घराचं वेगळं काढणं फार कठीण. रस्त्याखालच्या मोठ्या केबलचं तसं नाही. अमेरिकेत पेन स्टेट विद्यापीठाच्या आवाराखाली सुमारे 5 किलोमीटर केबलवर 2019 पासून अशा नोंदी घेतल्या गेल्या. त्यात ढगांचा गडगडाट दिसला, रहदारी दिसली, लोकांची पावलं दिसली. पावलं दिसतात म्हटल्यावर नोंदी कुणाकडे राहतील आणि किती दिवस, हा प्रश्न येतोच. तो तंत्रज्ञांवर सोडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

खडीवाला

साइटवरचा माणूस आहे, वीस वर्षं शटरिंग आणि काँक्रीटमध्ये गेली. वाचायला छान वाटतं. पण साहेब, केसाएवढी काच आणि आमचा व्हायब्रेटर! एकदा एका कामावर असले सेन्सर टाकायला दोन मुलं आली होती. दोन दिवस खपून तार बांधली. आम्ही रात्री काँक्रीट ओतलं, सकाळी त्यांच्या यंत्रावर काहीच येईना. पोरांची तोंडं बघवत नव्हती. लॅबमधलं लॅबमध्ये ठीक. साइटवर टिकतं का, ते सांगा.

घाटमाथा

खडीवाला, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. असाच एक प्रसंग माझ्यावरही आला होता.

आमचा गर्डर होता. तार सळईच्या वरच्या अंगाला बांधली होती, कारण तिथे हात पोचतो, गाठ नीट बसते. ओतकाम सुरू झालं. मी केबिनमध्ये पडद्याकडे बघत होतो. परतणाऱ्या प्रकाशाचा आलेख डावीकडून उजवीकडे हलका उतरत जातो, घाटातल्या रस्त्यासारखा. रात्री पावणेदोनला तो आलेख 11.4 मीटरवर एकदम कड्यासारखा तुटला. त्यापुढे नुसता गोंधळ. धावत बाहेर गेलो तर नेमक्या त्याच जागी व्हायब्रेटरची सुई सळईला घासून बाहेर येत होती. ज्याच्या हातात ती होती त्याची काही चूक नव्हती. काँक्रीट दाबून बसवणं हे त्याचं काम.

तिथल्या मुकादमाने मला जे सांगितलं ते पुस्तकात नव्हतं. म्हणाला, "सायेब, सुई वरून येती. तुमी तार सळईच्या पोटाला बांदा." तेव्हापासून तार सळईच्या खालच्या अंगाला जाते, बारीक पोलादी नळीतून जाते, दर वीतभर अंतरावर बांधतो आणि दोन्ही टोकं बाहेर काढतो. दोन्ही टोकं हाताशी असली की मधे एके ठिकाणी तुटली तरी दोन्ही बाजूंनी वाचता येते. आणखी एक : ओतकामाच्या आधी मी स्वतः व्हायब्रेटरवाल्यांना तार दाखवतो, कशासाठी आहे ते सांगतो. नळीइतकाच त्याचा उपयोग झालाय.

गणिताची_वही

रुमाल टाकून ठेवला होता, आता लिहिते. संख्या दिल्याशिवाय हा विषय पोचत नाही असं मला वाटतं.

एक मायक्रोस्ट्रेन म्हणजे 1 किलोमीटर लांबीची वस्तू 1 मिलिमीटरने लांबणं. काँक्रीट ओढलं तर साधारण 100 ते 150 मायक्रोस्ट्रेनला तडकतं, म्हणजे 10 मीटरचा भाग दीड मिलिमीटरही लांबायच्या आत. डोळ्याला यातलं काहीच दिसत नाही.

पुलांवर घाटमाथा म्हणतात त्या अखंड तारेइतकाच दुसरा प्रकार वापरात आहे, तो म्हणजे ब्रॅग जाळी. केन हिल आणि त्यांचे सहकारी 1978 मध्ये ओटावात आर्गॉन लेसरचा प्रकाश तंतूत सोडत होते. सोडता सोडता परत येणारा प्रकाश आपोआप वाढत गेला. प्रकाशानेच काचेच्या आत बारीक पट्ट्या कोरल्या होत्या! आज अतिनील प्रकाशाने या पट्ट्या मुद्दाम कोरतात. 1550 नॅनोमीटर तरंगलांबीसाठी दोन पट्ट्यांतलं अंतर साधारण 535 नॅनोमीटर, म्हणजे 1 सेंटिमीटरमध्ये 18,000 च्या वर पट्ट्या. ही जाळी नेमकी एकच तरंगलांबी परत पाठवते. तार ताणली की पट्ट्यांतलं अंतर वाढतं आणि ती तरंगलांबी सरकते, दर मायक्रोस्ट्रेनला सुमारे 1.2 पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे नॅनोमीटरचा हजारावा भाग).

मेख पुढे आहे. तापमान 1 अंशाने वाढलं तरी ती सुमारे 10 पिकोमीटर सरकते. म्हणजे 1 अंश हा 8 मायक्रोस्ट्रेनसारखा भासतो. 15 अंशांचा चढउतार म्हणजे 120. काँक्रीट तडकायला लागतं तेवढाच आकडा नुसत्या उन्हाने पडद्यावर येऊ शकतो! हे कसं सांभाळता?

घाटमाथा

ताई, याच मेखेत मी नोकरीच्या पहिल्या वर्षी अडकलो होतो. एका उड्डाणपुलावर सकाळी दहापासून ताण चढायला लागला. बारा वाजता दुप्पट, तीनला चौपट. घाबरून साहेबांना फोन लावला. त्यांनी शांतपणे विचारलं, "आकाश कसं आहे?" म्हटलं निरभ्र. म्हणाले, "रात्री दहाला पुन्हा वाच आणि मग फोन कर." रात्री आकडा होता तिथे परत आला होता. एप्रिलचं ऊन होतं ते.

उपाय साधा आहे. ताण मोजणाऱ्या तारेशेजारी दुसरी तार सैल नळीत ठेवायची. ती कशालाच चिकटलेली नसल्याने तिला फक्त तापमान कळतं. एकीतून दुसरी वजा. एवढं केल्यावरही पूल स्वतः उन्हाने फुगतो तो भाग उरतोच, तोही खरा ताण असतो. म्हणून निदान वर्षभराच्या, सगळ्या ऋतूंच्या नोंदी हाताशी असल्याशिवाय मी पुलाबद्दल बोलत नाही. पूल रोज श्वास घेतो. त्याचा नेहमीचा श्वास माहीत असेल तरच धाप लागलेली ओळखू येते.

पोलादपूरकर

मी या धाग्यावर लिहू की नको, दोन दिवस विचार करत होतो.

सावित्रीचा जुना पूल आमच्या रोजच्या वाटेवरचा. दगडी कमानींचा, इंग्रजांच्या काळातला. शाळेत असताना मामाकडे महाडला जाताना एसटीच्या खिडकीतून त्या कमानी दिसायच्या. 2 ऑगस्ट 2016 ची रात्र कोकणात कुणी विसरणार नाही. नदीला पूर, काळोख, मुसळधार पाऊस. पूल गेला आणि त्यानंतरही गाड्या येत राहिल्या. जयगड–मुंबई आणि राजापूर–बोरिवली, दोन एसटी गेल्या. जवळच्या गॅरेजमधल्या एका माणसाला गाड्यांचे दिवे पुढे जाऊन एकदम नाहीसे होताहेत हे जाणवलं, त्याने पुढच्या गाड्या थांबवल्या, असं तेव्हा पेपरात आलं होतं.

घाटमाथा, तुमच्या मायक्रोस्ट्रेनबद्दल मला आदर आहे. पण मला विचारायचंय ते फार सोपं आहे. पूल पडणार हे नाही कळलं तर नाही. पूल पडलाय, एवढं तरी त्या रात्री कळलं असतं का?

घाटमाथा

पोलादपूरकर, लिहिलंत हे फार बरं केलंत. उत्तर सरळ आहे : हो. आणि त्याला माझ्या महागड्या यंत्राची गरजही नाही.

पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साधी फायबर, कमानींना घट्ट धरून. एका टोकाला लहानसा प्रकाशस्रोत, दुसऱ्या टोकाला प्रकाश ओळखणारा डोळा. प्रकाश पोचतोय तोवर रस्त्यावरचा सिग्नल हिरवा. कमान गेली, काच तुटली, प्रकाश थांबला की दोन्ही बाजूंचे दिवे लाल. रेल्वेचं ट्रॅक सर्किट याच तत्त्वावर चालतं. तिथे रुळांतून वीज फिरत असते, रूळ तुटला किंवा वीजच गेली तरी सिग्नल आपोआप धोक्याकडे जातो. बिघाड झाला तर गाडी थांबेल, पण बिघाडामुळे गाडी पुढे जाणार नाही.

यात खोटे इशारे येतील. उंदीर कुरतडेल, रस्ता खोदणारे तोडतील. म्हणून दोन स्वतंत्र तारा वेगळ्या बाजूंनी न्यायच्या आणि एक तुटली तर तपासणी, दोन्ही तुटल्या तर लाल, असं ठेवता येतं. ही नवी विद्या नाही. नदीवरच्या प्रत्येक जुन्या पुलावर हे असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

रुळांशेजारी

तुम्ही रेल्वेचं नाव काढलंत म्हणून. ईशान्य सीमांत रेल्वेने 2022 च्या अखेरीस उत्तर बंगालच्या अलिपूरद्वार विभागात रुळांशेजारच्या ऑप्टिकल फायबरवर असंच यंत्र लावलं. कशासाठी? हत्तींसाठी. हत्ती रुळांजवळ आला की त्याच्या पावलांची थरथर तारेत उमटते आणि ड्रायव्हरला, स्टेशनला, कंट्रोलला खबर जाते. नाव 'गजराज'. पुढे 2023 मध्ये सुमारे 700 किलोमीटर मार्गावर ते नेण्याचं जाहीर झालं.

हत्तीचं पाऊल ओळखता येतं तर दरड का नाही? 22 जून 2003 ला वैभववाडीजवळ दरडीमुळेच गाडी घसरली होती.

घाटमाथा

ओळखता येते आणि त्यावर बऱ्याच देशांत काम चालू आहे. पडलेला दगड तारेत ठळक उमटतो. खरी अडचण पावसाची. धो धो पाऊस, वाहतं पाणी, धावती गाडी, सगळंच थरथरतं. त्यातून दगडाची थाप वेगळी काढायची तर आधी त्याच कटिंगमधल्या (डोंगर कापून काढलेल्या वाटेतल्या) पावसाळ्यांचा आवाज यंत्राला शिकवावा लागतो. हत्तीची चाल ठरावीक असते, पावलं ठरावीक अंतराने पडतात. दगडाला अशी लय नसते.

दूरदेशी

स्वित्झर्लंडमध्ये पदार्थविज्ञानात काम करते. स्पेकलचं वाचून राहवलं नाही, कारण हीच कल्पना आमच्याकडे वेगळ्या वेषात भेटते.

पहिला वेष अगदी घरगुती आहे. काँक्रीटच्या ठोकळ्यावर पांढरा रंग मारायचा, त्यावर काळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडवायचे, जुन्या टूथब्रशने उडवतात तसे. ठोकळा दाबत जायचं आणि फोटो काढत राहायचं. प्रत्येक चिमूटभर शिंतोड्यांची नक्षी वेगळी, त्यामुळे संगणक तोच तुकडा पुढच्या फोटोत शोधून काढतो आणि तो किती सरकला हे पिक्सेलच्या शंभराव्या भागापर्यंत सांगतो. दक्षिण कॅरोलिना विद्यापीठात 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हे सुरू झालं. भेग डोळ्याला दिसायच्या आधीच पडद्यावर रंगाची एक रेघ उमटते आणि थोड्या वेळाने ठोकळा नेमका तिथेच तडकतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

दुसरा वेष क्ष-किरणांचा. झोत अगदी बारीक करून नमुन्यावर थोडा थोडा सरकवत न्यायचा, दोन जागा एकमेकींवर थोड्या चढतील अशा बेताने. प्रत्येक जागी पलीकडे उमटलेली विस्कटलेली नक्षी टिपायची आणि सगळ्या नक्ष्या एकमेकींशी जुळतील असं चित्र संगणकाने शोधायचं. याला टायकोग्राफी म्हणतात. 2017 मध्ये इथल्या पॉल शेरर संस्थेत संगणकाच्या चिपचं आतलं जाळं त्रिमितीत, 14.6 नॅनोमीटरपर्यंत दिसलं. इलेक्ट्रॉनच्या झोताने हीच युक्ती करून कॉर्नेल विद्यापीठाच्या गटाने 2021 मध्ये इतकं स्पष्ट चित्र काढलं, की उरलेला धूसरपणा अणूंच्या स्वतःच्या थरथरण्याचा होता. सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना आत काय घडतं, तेही क्ष-किरणांनी असं पाहतात. आणि आपल्याकडे इंदूरला इंडस-2 वर (इलेक्ट्रॉन फिरवून क्ष-किरण देणारं यंत्र) क्ष-किरण प्रतिमांसाठी स्वतंत्र बीमलाइन, म्हणजे झोत प्रयोगापर्यंत आणणारी वाट, आहे, हे विद्यार्थ्यांनी जरूर लक्षात ठेवावं.

अवांतर : चं. वें. रामन 1921 मध्ये नारकुंडा बोटीने परतत होते. समुद्राचा निळा रंग हे नुसतं आकाशाचं प्रतिबिंब, हे रॅलेंचं म्हणणं त्यांना पटलं नव्हतं. बोटीवर निकोल प्रिझमने पृष्ठभागाची चकाकी अडवून त्यांनी पाहिलं, तरी पाणी निळंच. 'नेचर'ला पत्र धाडलं ते मुंबई बंदरातून. विचारांच्या त्याच वाटेने ते 28 फेब्रुवारी 1928 ला रामन परिणामाच्या शोधापर्यंत पोचले.

घाटमाथा

मुंबई बंदरातलं ते पत्र! दूरदेशीताई, हे इथे आणल्याबद्दल धन्यवाद, कारण रॅले, रामन आणि फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ब्रिल्वाँ ही तिन्ही नावं आमच्या तारेत रोज एकत्र असतात. झोत काचेत गेला की रॅलेचा प्रकाश त्याच रंगाचा परततो. रामनचा रंग बदलून येतो आणि त्याच्या दोन बाजूंच्या तीव्रतेच्या गुणोत्तरावरून तापमान कळतं. ब्रिल्वाँचा प्रकाश काचेतल्या ध्वनिलहरींवरून परततो, वारंवारता सुमारे 11 गिगाहर्ट्झने सरकून, आणि ते सरकणं ताणावर व तापमानावर अवलंबून असतं.

ब्रिल्वाँ पद्धतीचं मला आवडणारं उदाहरण स्वीडनमधल्या गोथेनबर्गचं. 1939 चा गोटा नदीवरचा पूल, पोलाद ठिसूळ, गर्डरांना भेगा जायच्या. नवा पूल होईपर्यंत जुना वापरणं भाग होतं. त्यांनी गर्डरांवर पाच किलोमीटरच्या आसपास तार चिकटवली आणि भेग कुठेही उगवली तरी कळेल अशी सोय केली. 2021 मध्ये नवा पूल सुरू झाला, तोवर म्हाताऱ्याची नाडी हातात धरून बसले होते.

रामन पद्धत मला आपल्या मातीच्या धरणांसाठी फार महत्त्वाची वाटते. 2 जुलै 2019 च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या, असं गावकरी सांगत होते. मातीच्या बांधात पायथ्याशी तार पुरून तिच्यासोबत तांब्याची तार गरम केली, तर जिथून पाणी झिरपतं तिथली तार लवकर गार होते. मीटरभराच्या अचूकतेने जागा सापडते. युरोपात हे 1990 च्या दशकापासून करतात.

खडीवाला

मुकादमाचं वाचून बरं वाटलं. आता मुद्द्याचं विचारतो. सेन्सर लावले आणि कुणी बघितलंच नाही तर? आमच्याकडे सीसीटीव्हीचं तेच होतं.

घाटमाथा

याच प्रश्नाची वाट बघत होतो. भाचीला द्यायचं उत्तरही इथेच आहे.

अमेरिकेत मिनियापोलिसचा आय-35डब्ल्यू पूल 1 ऑगस्ट 2007 ला संध्याकाळच्या गर्दीत मिसिसिपीत कोसळला. 13 माणसं गेली. चौकशीत निघालं, की सांधे जोडणाऱ्या पोलादी गसेट प्लेट मूळ डिझाइनमध्येच हव्या त्याच्या निम्म्या जाडीच्या होत्या. आणि 2003 मध्ये काढलेल्या फोटोंत त्या प्लेट वाकलेल्या स्पष्ट दिसत होत्या. चार वर्षं फोटो फायलीत होते. सेन्सरची गरजच नव्हती, पुरावा कागदावर होता. तिथेच वर्षभरात जो नवा पूल झाला त्यात 300 हून जास्त सेन्सर बांधतानाच घातले, त्यांत ऑप्टिकल फायबरचेही आहेत.

उलट बाजूही सांगतो. 15 डिसेंबर 1967 ला ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज पडला, 46 माणसं गेली. कारण साखळीच्या एका दुव्यातली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल भेग, जी त्या काळी साखळी सोडवल्याशिवाय दिसणं शक्यच नव्हतं. 2018 मध्ये जेनोवात मोरांडी पूल पडला, 43 माणसं गेली, तिथे गंजलेल्या तारा काँक्रीटच्या आत दडलेल्या होत्या. अशा ठिकाणी डोळा पोचत नाही, तिथे काचच हवी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. तार पूल नवा असतानाच घालायची, कारण आमची पद्धत बदल मोजते. आज तार लावली तर आजपासूनचा बदल सांगेन. पन्नास वर्षांत आधीच किती ताण साठलाय, ते मला ती सांगत नाही. भाचीच्या "आधी कळत कसं नाही" याचं निम्मं उत्तर हे, की आपण आधी लावतच नाही. उरलेलं निम्मं असं, की आकडा बघणारा माणूस नेमलेला हवा, त्याचं नाव आणि फोन नंबर पुलाच्या फायलीत हवा आणि गाड्या थांबवायचा अधिकार त्याच्या हातात हवा. टेंडरमध्ये यंत्राचे पैसे असतात. बघणाऱ्याचा पगार तिसऱ्या वर्षी संपतो. ही तक्रार मी कामावर जाईन तिथे करतो, पुढेही करत राहीन.

शेवंती

मुलीने ब्रश घेऊन उशीच्या जुन्या अभ्र्यावर शिंतोडे उडवले आहेत आणि तो ताणून मोबाइलने फोटो काढतेय. विचारतेय, ठिपके किती मोठे हवेत?

दूरदेशी

तिला सांगा, फोटोत एकेक ठिपका तीन ते पाच पिक्सेलचा दिसला पाहिजे. फार बारीक नको, सगळे सारखेही नकोत. आणि मोबाइल हातात नाही, कशाला तरी टेकवून ठेव म्हणावं.

पोलादपूरकर

दोन तारांचं ते सिग्नलचं नीट कागदावर काढून द्याल का? आमच्या ओढ्यावर एक जुना साकव आहे, शाळेची मुलं त्यावरूनच जातात. ग्रामसभेत ठेवतो.

घाटमाथा

देतो. या आठवड्यात आकृती आणि सामानाची यादी इथेच टाकतो. साकवाचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि लांबी पाठवा. पाणी कुठवर चढतं, त्याची खूण खांबावर असेल, तीही फोटोत येऊ द्या.

खडीवाला

पुढच्या महिन्यात आमच्याकडे एका लहान पुलाच्या स्लॅबचं ओतकाम आहे. आठ मीटरचा गाळा. सळई बांधून झाली की परवानगीचं मी बघतो. तुमची नळी आणि तार घेऊन या. व्हायब्रेटरवाल्या पोरांना आदल्या दिवशीच थांबवून ठेवतो, तुम्हीच समजावून सांगा.

घाटमाथा

येतो. सळईच्या पोटाने बांधू. पहिलं रीडिंग ओतकामाच्या आधी घेऊ आणि दुसरं शटरिंग काढायच्या दिवशी, स्लॅब पहिल्यांदा स्वतःचं वजन पेलेल तेव्हा.